लाकडाचे नाव मऊ, गुण कठीण : घरासाठी लाकूड निवडताना

शिर्डी, खास प्रतिनिधी

शिर्डीत येणाऱ्या भाविकाची लाकडाशी पदोपदी गाठ पडते. गुरुस्थानी कडुनिंब उभा आहे. द्वारकामाईत धुनी अखंड तेवत आहे आणि तिला नित्य लाकूड लागते. साईसच्चरिताच्या वाचकांना एक फळीही ठाऊक असते. नानासाहेब डेंगळे यांनी आणलेली, चार हात लांब आणि जेमतेम वीतभर रुंद अशी ती फळी बाबांनी जुन्या चिंध्यांनी आढ्याला झोपाळ्यासारखी टांगली आणि ते तिच्यावर निजू लागले. पाहणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हा त्यांनीच ती मोडून टाकली.

दर्शन आटोपून मुंबई-पुण्याकडे परतणाऱ्या अनेकांच्या पिशवीत मूर्ती अथवा तसबीर असते. घरी गेल्यावर तिच्यासाठी देव्हारा घ्यायचा ठरतो आणि दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘सागवानी आहे ना?’ विक्रेत्याचे उत्तरही ठरलेले असते. सागवान नसेल तर तो ‘हार्डवुड आहे, कठीण लाकूड’ असे सांगतो. पाइनचा असेल तर ‘सॉफ्टवुड आहे, पण चालेल’ असे काहीसे दबक्या आवाजात म्हणतो. ‘कठीण’ या शब्दाने ग्राहकाचे समाधान होते आणि ‘मऊ’ या शब्दाने तो साशंक होतो. प्रत्यक्षात या दोन्ही शब्दांवरून त्या लाकडाच्या टिकाऊपणाबद्दल फारच थोडे कळते. देव्हारा असो, दाराची चौकट असो वा स्वयंपाकघरातील फडताळ असो, हजारो रुपयांचा व्यवहार असा एका गैरसमजावर उभा राहतो.

वर्गीकरण झाडाचे, लाकडाचे नव्हे

‘सॉफ्टवुड’ आणि ‘हार्डवुड’ ही विभागणी मुळात वनस्पतिशास्त्राची आहे. देवदार, चीड, कैल, स्प्रूस, फर यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड ते सॉफ्टवुड. या झाडांना फळाऐवजी शंकू येतात आणि त्यांची पाने सुईसारखी असतात. साग, शिसव, बाभूळ, आंबा, कडुनिंब, फणस अशा रुंद पानांच्या सपुष्प वृक्षांचे लाकूड ते हार्डवुड. मग ते हाताने मोडण्याइतके हलके असले तरी त्याची गणना ‘कठीण’ लाकडातच होते.

या दोन गटांतील खरा भेद लाकडाच्या अंतर्रचनेत आहे. रुंदपर्णी वृक्षांत पाणी वाहून नेणाऱ्या स्वतंत्र वाहिन्या असतात. फळीचे आडवे कापलेले टोक पाहिले, तर त्यांची बारीक छिद्रे दिसतात. सागवानात ती नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. सूचिपर्णी वृक्षांत अशा वाहिन्या नसतात. पाणी वाहून नेण्याचे आणि झाडाला आधार देण्याचे काम एकाच प्रकारच्या लांबट पेशी करतात. त्यामुळे त्यांचे लाकूड एकसारखे, सरळ रेषांचे आणि छिद्रविरहित दिसते. चीड व कैल यांच्या लाकडात राळ वाहून नेणाऱ्या नलिका मात्र असतात.

नाव आणि गुण यांची फारकत किती होते, हे काही परिचित उदाहरणांवरून ध्यानात येईल. क्रिकेटची बॅट ज्या विलोपासून बनते ते शास्त्रानुसार हार्डवुड आहे, तरी नखाने दाबले तर त्यावर वळ उमटतो. विमानांच्या प्रतिकृतींसाठी वापरले जाणारे बाल्सा हे जगातील सर्वांत हलक्या लाकडांपैकी एक आहे. तेही हार्डवुडच. आपल्याकडील लाल फुलांची सावर आणि पांगारा हे दोन्ही वृक्ष याच गटात मोडतात आणि दोघांचेही लाकूड अतिशय मऊ असते. उलट हिमालयातील थुनेर हा सूचिपर्णी वृक्ष असूनही त्याचे लाकूड सागवानाहून कठीण भरते. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूचे बन पाहून अनेकांना ती पाइनची झाडे वाटतात. परंतु त्या ‘सुया’ म्हणजे वस्तुतः बारीक हिरव्या डहाळ्या होत. हा सुरू रुंदपर्णी वृक्षांच्याच गटातील असून त्याचे लाकूड विलक्षण जड व कठीण असते.

हा गोंधळ आपल्याकडे बाहेरून आला. युरोपच्या उत्तर भागातील व्यापाऱ्यांसमोर एका बाजूस पाइन व स्प्रूस, तर दुसऱ्या बाजूस ओक व बीच अशी स्पष्ट विभागणी होती. तेथे ‘मऊ’ आणि ‘कठीण’ ही नावे बहुतांशी खरी ठरत. महाराष्ट्राच्या नैसर्गिक जंगलांत सूचिपर्णी वृक्ष जवळपास नाहीतच. येथील सुताराने पिढ्यान्‌पिढ्या हाताळले ते सारे लाकूड शास्त्राच्या भाषेत हार्डवुडच होते. त्यामुळे त्याने लाकडाचे दोन गट न पाडता प्रत्येक झाडाचे काम ठरवले. आज शहरातील ग्राहकाला नेमकी हीच दृष्टी उपयोगी पडणारी आहे.

नगरच्या सुताराची निवड

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, मोठ्या भागात पर्जन्यछायेचा आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका सोडला तर दाट जंगल थोडे आहे. राहाता, कोपरगाव, नेवासा या पट्ट्यात बांधावर उभी असते ती बाभूळ, गावठाणात कडुनिंब व चिंच आणि मळ्यात आंबा. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या सुताराने गावगाडा चालवला तो प्रामुख्याने याच चार-पाच झाडांच्या लाकडावर.

बैलगाडीचे चाक हा त्याच्या कौशल्याचा कस होता. खडकाळ रस्त्यावर मणामणांचे ओझे वाहताना चाकाला सतत धक्के बसतात. अशा ठिकाणी लाकूड नुसते कठीण असून भागत नाही, ते चिवट असावे लागते. बाभळीच्या गाभ्यात हे दोन्ही गुण आहेत. म्हणून चाकाचा तुंबा, आरे आणि धावेखालचा लाकडी परिघ यांसाठी तिला पसंती मिळे. नांगर, कुळव, जू यांनाही बाभूळच वापरली जाई. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धावडा मिळाला तर उत्तम, कारण तो मोठ्या ताणाखाली वाकतो पण चटकन तुटत नाही. तेलाचा घाणा, उखळ, खाटकाचा ठोकळा अशा सतत मार खाणाऱ्या वस्तूंना चिंचेचे गुंतागुंतीच्या रेषांचे लाकूड चालते, कारण ते उभे फाटत नाही.

घराच्या बांधणीत हिशेब वेगळा असे. या भागातील जुन्या माळवदी घरांत मातीच्या धाब्याचा भार कड्यांवर येई आणि खरा शत्रू असे वाळवी. श्रीमंतांच्या वाड्यात सागवानी खांब व तुळया येत. सामान्य शेतकरी कडुनिंबाकडे वळे. निंबाचे गाभ्याचे लाकूड तांबूस, जड आणि कडवट गंधाचे असून कीड त्याला सहसा लागत नाही. रंधताना त्याच्या उलटसुलट रेषा त्रास देतात आणि घाईने वाळवले तर तडे जातात, हे त्याचे दोष. तरीही कपड्यांच्या पेट्या, चौकटी व देवाच्या वस्तू यांसाठी तो देशभर वापरात आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती निंबाच्याच लाकडातून घडवल्या जातात. २०१५च्या नवकलेवर सोहळ्यातही त्या अशाच घडवल्या गेल्या. सागवान परवडत नसेल आणि अस्सल, मुरलेला कडुनिंब मिळत असेल, तर देव्हाऱ्यासाठी तो कमी दर्जाचा समजण्याचे कारण नाही.

सागवान : कीर्ती कशामुळे?

सागवान हे जगातील सर्वांत कठीण अथवा सर्वांत मजबूत लाकूड नव्हे. बाभूळ, शिसव, खैर हे सारे त्याच्याहून जड व कठीण आहेत. सागवानाची थोरवी गुणांच्या समतोलात आहे. ते पुरेसे मजबूत आहे, तरी फार जड नाही. हवेतील ओलावा बदलला तरी ते तुलनेने कमी फुगते व आकसते. त्यातील नैसर्गिक तेलांमुळे वाळवी व बुरशी गाभ्याला सहजी शिवत नाहीत आणि लोखंडी खिळाही त्यात लवकर गंजत नाही. रंधा व पटाशी त्यावर चांगली चालते. मात्र त्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असल्याने हत्याराची धार लवकर बोथट होते, ही कारागिरांची तक्रार खरी आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने, जिची स्थापना १९०६ साली झाली, भारतीय लाकडांची तुलना करताना सागवानाला १०० हा मानदंड धरला आणि इतर लाकडांचे गुण त्याच्या प्रमाणात मांडले, ते याच समतोलामुळे.

या गुणांची साक्ष देणारी एक वस्तू मुंबईत घडली. वाडिया घराण्यातील जहाजबांधणी तज्ज्ञांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात सोडण्यात आले. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. आपल्या काळातील दाखला द्यायचा तर २०२३ साली उद्‌घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेले आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरहून. व्यापारात ‘सीपी टीक’ अथवा ‘बल्लारशा सागवान’ म्हणून ओळखले जाणारे हे लाकूड चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील होय. ‘सीपी’ म्हणजे ब्रिटिशकालीन मध्य प्रांत.

परंतु ‘सागवान’ या नावाखाली आज बाजारात जे मिळते ते सारे सारखे नसते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील लागवडीच्या सागवानाची आवक महत्त्वाची ठरली. सरकारी जंगलातील साग साधारणतः ६० ते ८० वर्षे वाढू दिला जातो. लागवडीचा साग पुष्कळदा २०-२५ वर्षांतच तोडतात. कोवळ्या झाडात गाभा कमी आणि बाहेरचे फिकट, कच्चे लाकूड अधिक असते. सागवानाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात आहे. त्याच झाडाचे बाहेरचे लाकूड कीड व वाळवी यांना इतर कोणत्याही कच्च्या लाकडाइतकेच बळी पडते. १९९०च्या दशकात सागवान लागवडीच्या आकर्षक जाहिरातींना भुलून अनेक मध्यमवर्गीयांनी पैसे गुंतवले आणि हात पोळून घेतले. सामूहिक गुंतवणुकीच्या अशा योजनांसाठी ‘सेबी’ला १९९९ साली नियम करावे लागले. नावाला भुलण्याची सवय किती महाग पडते, याचा तो एक धडा होता.

इतर रुंदपर्णी लाकडे

*शिसव आणि शिसम* : ही दोन निराळी झाडे आहेत. शिसव म्हणजे सह्याद्रीतील काळसर-जांभळ्या झाकेचा भारतीय रोझवुड, तर शिसम हा मुख्यतः उत्तर भारतातील तपकिरी लाकडाचा वृक्ष. दोन्ही जड, टिकाऊ आणि सुंदर रेषांची असून चांगली चकाकी घेतात. शिसव आता दुर्मीळ व महाग झाला आहे. या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जानेवारी २०१७ पासून ‘साइटीस’ कराराखाली निर्बंध आले. तबल्याचे खोड, पोळपाट-लाटणे, खुर्च्यांचे पाय, कोरीव पलंग अशा कामांना शिसम उत्तम. तयार फर्निचरच्या दुकानांत ‘शीशम’ म्हणून विकले जाते ते हेच.

*आंबा* : फळ देणे थांबलेल्या झाडांचे लाकूड सहज मिळते, त्यामुळे स्वस्त. रंग भुरकट-पिवळा, वजन सागवानाच्या आसपास. घरात, कोरड्या जागी वापरायला चांगले, परंतु त्याला कीड लवकर लागते. औषध न लावलेले आंब्याचे लाकूड चौकटीला अथवा उघड्यावर वापरू नये. सावंतवाडीची प्रसिद्ध रंगीत खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्या मऊ लाकडात घडत. आता त्यासाठी आंब्याचे लाकूड वापरले जाते.

*फणस व शिवण* : फणसाचे ताजे कापलेले लाकूड पिवळेधमक असते आणि काळानुसार सोनेरी-तपकिरी होते. कोकणातील जुन्या घरांच्या दारांत व वाद्यांत ते आढळते. शिवण हलकी असूनही फारशी वाकत-फुगत नाही, म्हणून पाट, चौरंग आणि कोरीवकामाला ती सोयीची पडते. देव्हाऱ्यावर बारीक नक्षी हवी असेल तर शिवणीचा विचार जरूर करावा.

*तून* : तांबूस, हलके आणि सुगंधी लाकूड. मिरजेच्या सतार व तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या दांडीसाठी परंपरेने तूनच वापरले जाते. वाद्याला कठीणपणापेक्षा हलकेपणा, सरळ रेषा आणि नादाला साथ देण्याचा गुण हवा असतो.

*रबरवुड* : केरळातील रबराची झाडे २५-३० वर्षांनी चीक कमी देऊ लागली की तोडतात. त्यांचे फिकट रंगाचे, एकसारखे लाकूड तयार जेवणाच्या टेबलांत व खुर्च्यांत मोठ्या प्रमाणात वापरले जाते. त्यात पिष्टमय द्रव्य भरपूर असल्याने औषधप्रक्रिया अनिवार्य ठरते. गच्ची, न्हाणीघर अशा ओलसर जागी ते ठेवू नये.

सूचिपर्णी लाकडे : तुच्छ लेखू नयेत

काश्मीरच्या दल सरोवरातील हाऊसबोटी देवदाराच्या लाकडाच्या असतात. पाण्यात वर्षानुवर्षे राहणाऱ्या नावेसाठी स्थानिक कारागिरांनी ‘सॉफ्टवुड’ निवडले, यातच त्याची योग्यता दिसते. देवदारातील सुगंधी तेल कीड व बुरशी यांना दूर ठेवते. हिमालयाच्या पायथ्याकडील रेल्वेमार्गांवर एके काळी देवदाराचे स्लीपर घातले जात.

चीड व परदेशी पाइन यांचा प्रकार निराळा आहे. न्यूझीलंडचा पाइन गुजरातमधील कांडला बंदरात मोठ्या प्रमाणावर उतरतो आणि गांधीधाम परिसरातील करवत गिरण्यांत कापला जाऊन देशभर जातो. त्यातील बराच भाग खोकी, पॅलेट व बांधकामाच्या फळ्या यांत खपतो. तरी चांगल्या प्रतीचा, वाळवलेला पाइन घरातील कपाटे, मांडण्या, मुलांच्या खोलीतील खाटा यांना अगदी योग्य असतो. तो हलका असतो, सरळ कापला जातो, खिळा-स्क्रू सहज घेतो आणि किंमतही आटोक्यात राहते.

त्याचे दोषही माहीत असावेत. पृष्ठभाग मऊ असल्याने जड भांडे पडले तर खळगा पडतो, म्हणून जेवणाच्या टेबलाला वा जमिनीला तो तितकासा चांगला नव्हे. गाठींतून राळ पाझरते आणि पांढऱ्या रंगावर काही महिन्यांत पिवळे डाग उमटतात. त्यावर उपाय म्हणून रंगापूर्वी प्रत्येक गाठीवर लाखेच्या द्रावणाचा हात द्यावा. औषधप्रक्रिया न केलेला पाइन जमिनीलगत, ओलीत वा वाळवीच्या जागी टिकत नाही. परंतु एक बाब त्याच्या बाजूची आहे. रुंदपर्णी झाडांच्या कच्च्या लाकडातील पिष्टावर जगणारा आणि फर्निचरखाली पिठासारखा भुसा पाडणारा किडा पाइनच्या वाटेला जात नाही. आंबा, सावर, रबरवुड यांना मात्र तो हमखास गाठतो.

वजन काय सांगते?

लाकडाच्या मजबुतीचा ढोबळ अंदाज त्याच्या वजनावरून येतो. वखारीत व्यवहार घनफुटात होतो, म्हणून वाळलेल्या एक घनफूट लाकडाचे अंदाजे वजन ध्यानात ठेवणे उपयुक्त आहे. सावर सुमारे १० ते ११ किलो, शिवण १४, चीड व देवदार १६, सागवान १८, शिसम व बाभूळ २२ ते २३, खैर २८ आणि खानदेश-नाशिककडील कोरड्या जंगलांतील अंजन ३० किलोंच्या आसपास. एक घनफूट पाण्याचे वजन २८ किलोंहून किंचित अधिक असते. म्हणजे अंजनाचे लाकूड पाण्यात बुडते. सागवान म्हणून दाखवलेली वस्तू उचलताना पिसासारखी हलकी लागली, तर शंका घ्यायलाच हवी.

मात्र वजन म्हणजे टिकाऊपणा नव्हे. वाळवीला तोंड देण्याची शक्ती गाभ्यातील द्रव्यांवर अवलंबून असते, वजनावर नाही. फळी किती वाकेल याचे उत्तरही केवळ लाकडाच्या जातीत नसते. आरंभी उल्लेखिलेली ती चार हातांची, म्हणजे सुमारे सहा फुटांची फळी पाहा. दोन टोकांना टांगलेल्या अशा फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, आणि आधारांमधील अंतर दुप्पट केले तर तेवढ्याच मध्यभागीच्या भाराखाली ती आठपट वाकते. घरातील पुस्तकांच्या मांडणीला हाच नियम लागू पडतो. १८ मिलिमीटर जाडीच्या सागवानी फळीपेक्षा २० मिलिमीटरची चिडाची निर्दोष फळी बहुधा कमीच वाकेल. मध्ये एक आधार दिला, तर महागड्या लाकडाची गरजच उरणार नाही.

शिर्डीचा उन्हाळा, मुंबईचा पावसाळा

लाकूड तोडल्यावरही हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. लांबीत ते जवळपास बदलत नाही. रुंदीत मात्र फुगते व आकसते. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडातील पाण्याचे प्रमाण ५-६ टक्क्यांपर्यंत उतरू शकते, तर मुंबईच्या पावसाळ्यात १७-१८ टक्क्यांपर्यंत चढू शकते. ३० सेंटिमीटर रुंदीच्या सागवानी फळीतील ओलावा १८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला, तर ती सुमारे ४ मिलिमीटर आकसते. सागवानाची ही स्थिती, तर इतर लाकडांत हा फरक आणखी वाढतो. एप्रिलमध्ये बसवलेले दार जुलैत अडकते आणि पावसाळ्यात जोडलेल्या फळ्यांमध्ये उन्हाळ्यात फटी पडतात, त्याचे कारण हेच. जुन्या दारांत मधली तक्तपोशी चौकटीच्या खाचेत डिंक न लावता मोकळी बसवलेली असते. तिला हलायला जागा राहावी म्हणून केलेली ती सोय आहे.

यावर खरा उपाय म्हणजे लाकूड नीट वाळवणे, ज्याला व्यापारात ‘सीझनिंग’ म्हणतात. पूर्वी गावोगावी बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवत. त्यामुळे किड्यांना आकर्षित करणारी द्रव्ये विरघळून जात. नंतर ते सावलीत वाळवत. आज भट्टीत वाळवणे आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया करणे हे प्रचलित मार्ग आहेत. घरातील कामासाठी लाकडातील ओलावा साधारणतः ८ ते १२ टक्के असावा. तो मोजणारे छोटे यंत्र चांगल्या वखारीत असते आणि ग्राहकाने मोजून मागण्यात कमीपणा नाही. उत्तम वाळवलेला आंबा अर्धवट वाळलेल्या सागवानापेक्षा अधिक समाधान देतो.

खरेदीपूर्वी पाच प्रश्न

दुकानात ‘मऊ की कठीण’ असे विचारण्याऐवजी पुढील प्रश्न विचारावेत.

१. झाड कोणते? ‘हार्डवुड’, ‘जंगली’, ‘इम्पोर्टेड’ ही झाडांची नावे नव्हेत. बिलावर झाडाचे नाव लिहून घ्यावे.

२. गाभा किती? पॉलिश नसलेली बाजू, म्हणजे खणाची मागची बाजू वा तळ, पाहावी. तपकिरी फळीत फिकट पट्टे असतील तर ते कच्चे लाकूड आहे. गडद पॉलिशखाली हा भेद लपवला जातो.

३. लाकूड अखंड की वरचा पापुद्रा? फळीच्या कडेला व टोकाला पाहावे. वरच्या रेषा कडेवरून टोकापर्यंत सलग उतरत असतील तर लाकूड अखंड आहे. टोकाला थर दिसले तर प्लाय आणि नुसता दाबलेला भुसा दिसला तर एमडीएफ. हे दोन्ही पदार्थ वाईट नव्हेत, पण त्यांना सागवानाची किंमत देऊ नये. ओल्या जागेसाठी प्लाय घ्यायचा असेल तर मरीन प्लायचे आयएस ७१० हे मानक पाहून घ्यावे. एमडीएफला पाण्यापासून दूर ठेवावे.

४. वाळवले कसे आणि औषधप्रक्रिया झाली आहे का?

५. वस्तू कोठे राहणार? उंबरठा, चौकट व खिडकी यांना टिकाऊ गाभ्याचे लाकूड हवे. टेबलाचा पृष्ठभाग कठीण हवा. मांडणीला जाडी हवी. नक्षीला बारीक पोताचे लाकूड हवे. खेळण्याला हलके आणि गुळगुळीत होणारे हवे. एकाच वस्तूत दोन-तीन लाकडे वापरणेही शहाणपणाचे आहे. देव्हाऱ्याचे खांब व चौकट सागवानी किंवा निंबाची, नक्षी शिवणीची आणि आतील खण पाइनचा असेल, तर खर्च निम्म्यावर येऊ शकतो आणि मजबुतीत उणेपणा येत नाही.

या निवडीचा संबंध केवळ खिशाशी नाही. जिथे पाइनची मांडणी पुरेशी आहे तिथे प्रतिष्ठेपायी सागवान मागितले जाते, तेव्हा साठ-सत्तर वर्षे वाढलेले एक झाड अशा कामी लागते, जे वीस वर्षांच्या झाडानेही भागले असते. उलट चौकटीला स्वस्तातले कच्चे लाकूड लावले, तर पाच-सात वर्षांत ती पोखरली जाते आणि त्या जागी आणखी एक झाड कापावे लागते. चुकीची निवड दोन्हीकडून जंगलाला महाग पडते. पेशवेकालीन वाड्यांतील सागवानी सुरूदार खांब आजही उभे आहेत, कारण ते लाकूड त्याच्या योग्यतेच्या कामी लावले गेले. जे झाड जितकी वर्षे वाढले, निदान तितकी वर्षे तरी त्याचे लाकूड घरात टिकावे, हा साधा हिशेब प्रत्येक ग्राहकाने मनाशी ठेवला, तर योग्य लाकूड निवडणे अवघड जाणार नाही.